बटण दाबल्यावर कॉम्प्युटर कुठे अडतो, ते आधी बघा

कॉम्प्युटर चालू होत नाही असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बटण दाबल्यावर नेमकं काय होतं? दिवा लागतो का, पंखा फिरतो का, पडद्यावर अक्षरं येतात का, की विंडोजचं चिन्ह येऊन खाली ठिपके गोल गोल फिरत राहतात? पुष्कळांना याचं उत्तर देता येत नाही. यंत्र बंद पडल्यावर माणूस घाबरतो आणि बटण दाबत सुटतो. मग जवळचं कुणीतरी "फॉरमॅट मारावा लागेल" (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल) असं सांगून टाकतं, आणि रॅमची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, एक पट्टी सैल झाली एवढ्यावरून घरातले सगळे फोटो पुसले जातात. मी घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करते. फॉरमॅट करून आणलेली, पण मूळ बिघाड तसाच असलेली मशीन्स माझ्या टेबलावर वारंवार येतात आणि दर वेळी मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या गोष्टी ठरलेल्या क्रमाने घडतात. प्लग लावलेला असला की मशीन बंद असतानाही एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाला) ५ व्होल्टचा छोटा पुरवठा देतच असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा मदरबोर्ड एसएमपीएसला इशारा देतो. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात आणि ते स्थिर झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत "सगळं ठीक आहे" असा संकेत मदरबोर्डकडे परत जातो. त्यानंतर प्रोसेसर जागा होतो आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम, वाचायला लागतो. बायोस रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड, डिस्क एकेक करून तपासतो. सगळं जागेवर असलं तर डिस्कवरून विंडोज उचलायला घेतो. या साखळीत जिथे खंड पडला, त्याच्या पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही. पंखाच फिरत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही, आणि विंडोजचं चिन्ह दिसत असेल तर एसएमपीएस बहुधा निर्दोष आहे.

तेव्हा एक कागद घ्या. मशीन एकदा बंद करा, पुन्हा चालू करा आणि जे दिसेल, ऐकू येईल ते लिहून काढा. पडद्यावर संदेश आला तर मोबाइलने फोटो काढा. शेवटचं नीट चालू होतं त्यानंतर काय बदललं, तेही लिहा. टेबल हलवलं, आतली धूळ साफ केली, नवी रॅम टाकली, वीज जाऊन आली, अपडेट चालू असताना कुणी बंद केलं, यातलं काही घडलं असेल तर अर्धा शोध तिथेच संपतो.

पुढच्या सगळ्या कामाला एकच नियम: एका वेळी एकच बदल. रॅम काढली, केबल बदलली आणि बायोसही रिसेट केला, मग मशीन चालू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही. आठवड्याने तेच पुन्हा होतं आणि तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करता.

कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कोणत्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. अंगावरची स्थिर वीज रॅमला आणि मदरबोर्डला मारू शकते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. २३० व्होल्टच्या लाइनवर चालताना त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

काहीच होत नाही: दिवा नाही, पंखा नाही

आधी बाहेरचं बघा. एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो, साफसफाई करताना तो हमखास बंद होतो. पॉवर कॉर्ड अर्धवट बसलेली असते. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून प्लग थेट भिंतीत लावा. बहुतेक मॉनिटरची कॉर्ड आणि कॅबिनेटची कॉर्ड सारखीच असते, तर ती अदलाबदल करून बघा. यात पाच मिनिटं जातात, आणि याच पाच मिनिटांत कितीतरी मशीन्स चालू झालेली मी पाहिली आहेत.

मग प्लग काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, पुन्हा प्लग लावा, चालू करा. विजेच्या झटक्यानंतर काही एसएमपीएस संरक्षणासाठी स्वतःला अडकवून घेतात. पूर्ण वीज काढली की ते मोकळे होतात.

अजून काही नाही? कॅबिनेटचं झाकण काढा. अनेक मदरबोर्डांवर स्टँडबायचा एक बारीक दिवा असतो. प्लग लावल्यावर तो पेटत असेल तर वीज बोर्डापर्यंत पोचते आहे. अशा वेळी माझा पहिला संशय कॅबिनेटच्या बटणावर असतो. एका निवृत्त शिक्षिकेचं मशीन माझ्याकडे आलं होतं, सोबत चिठ्ठी: "मदरबोर्ड गेला आहे, नवा घ्या." मदरबोर्ड उत्तम होता. समोरचं बटण आत रुतून बसलं होतं. बटण सतत दाबलेलं राहिलं की मशीन चालूच होत नाही, किंवा चालू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडतं. याची परीक्षा सोपी आहे. बटणापासून निघालेली दोन तारांची छोटी पिन मदरबोर्डाच्या कोपऱ्यात लावलेली असते, जवळ "पॉवर स्विच" अशा अर्थाची खूण असते. ती काढा आणि तिच्या जागी रिसेट बटणाची पिन लावा. आता रिसेट दाबून मशीन चालू झालं तर दोष बटणाचा. नवं कॅबिनेट घेईपर्यंत रिसेट बटणानेच काम चालवता येतं.

रिसेटनेही काही झालं नाही, तर एसएमपीएस तपासायचा. प्लग काढा. मदरबोर्डात लावलेला २४ पिनांचा मोठा कनेक्टर खटका दाबून काढा. प्रोसेसरजवळचा, ग्राफिक्स कार्डाचा आणि डिस्कचे कनेक्टरही काढा. मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते. ती आणि शेजारची कोणतीही काळी तार, या दोन पिनांमध्ये वाकवलेली पेपर क्लिप घट्ट बसवा, मगच प्लग लावून मागचा स्विच चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएसमध्ये निदान जीव आहे. सगळ्याच तारा काळ्या असतील तर रंगावरून ओळखता येणार नाही. त्या एसएमपीएसची पिनांची आकृती मिळवा आणि सोळाव्या क्रमांकाची पिन शोधा. अंदाजाने क्लिप घालू नका. तयार विकत घेतलेल्या काही मशीन्समध्ये कनेक्टर कंपनीचा स्वतःचा, वेगळ्याच मांडणीचा असतो. तिथे ही परीक्षा करायचीच नाही.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस पास झाला, असं मात्र नाही. मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टवर ठेवून मोजा: पिवळी तार ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. यापेक्षा कमी-जास्त आलं तर तो बदलायचा. आकडे बरोबर आले तरी भार पडल्यावर कोसळणारे एसएमपीएस असतात, त्यांची खात्री दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच होते. काही नव्या एसएमपीएसचा पंखा भार कमी असताना मुद्दाम फिरत नाही, म्हणून पंखा थांबलेला दिसला तरी मीटर लावल्याशिवाय तो मेला असं ठरवू नका.

नवा एसएमपीएस बसवताना एक चूक फार महागात पडते. वेगळ्या होणाऱ्या केबल्सचा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल्स नव्याला लावायच्या नाहीत, दिसायला हुबेहूब असल्या तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचीही, वेगळी असते. चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट आले की हार्ड डिस्क जागेवर जळते.

पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो, असं होत असेल तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. प्लग काढून डिस्क, ग्राफिक्स कार्ड, समोरच्या यूएसबीच्या तारा सगळं सोडवा आणि एकेक लावत जा. कॅबिनेटमध्ये सुटलेला एखादा स्क्रू मदरबोर्डाखाली गेलेला नाही ना, तेही टॉर्चने बघा.

पंखे फिरतात, पण पडदा काळा

माझ्याकडे येणाऱ्या मशीन्समध्ये हा प्रकार सर्वांत जास्त असतो, आणि घरच्या घरी सुटण्याची शक्यताही यातच सर्वांत जास्त. लोक याला "डिस्प्ले येत नाही" म्हणतात. इथे आधी हे ठरवायचं, की मशीन अडलंय की फक्त चित्र दिसत नाहीये.

त्यासाठी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दर वेळी त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे आणि दोष मॉनिटरच्या बाजूला शोधायचा. मॉनिटरचं स्वतःचं मेन्यू बटण दाबा. मेन्यू दिसला तर मॉनिटर ठीक आहे. इनपुट चुकीचं निवडलेलं असेल, म्हणजे केबल एचडीएमआयची आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टची वाट बघतोय, तर ते बदला. मग मशीनच्या मागे बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी, वरच्या मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये नाही. टेबल हलवल्यानंतर "डिस्प्ले गेला" म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

कॅप्स लॉकचा दिवा हलत नसेल तर मशीन खरंच तपासणीत अडलंय. आता ते स्वतः काय सांगतं ते ऐका. जुन्या बोर्डांवर छोटा स्पीकर असतो आणि तो बीप वाजवतो. बीपचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून किती लांब आणि किती आखूड ते लिहून घ्या आणि तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्सची तक्रार, आणि न थांबता वाजत राहिलं तर बहुधा रॅम. नव्या बोर्डांवर स्पीकरऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट (प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि विंडोजची डिस्क) असे चार दिवे असतात. ज्याच्यावर दिवा थांबला, तिथे काम अडलंय. इतकी सरळ मदत बोर्ड स्वतः करत असतो, आणि कॅबिनेटचं झाकण बंद असल्यामुळे कुणी ती बघत नाही.

रॅमकडे मी नेहमी आधी वळते. प्लग काढा. पट्टीच्या टोकांचे खटके उघडा आणि पट्टी सरळ वर ओढा. खालच्या सोनेरी दातांवर पेन्सिलच्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलका हात फिरवा, दोन्ही बाजूंनी. कचरा ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा अंश उडतो. सॉकेटमधली धूळही कोरड्या मऊ ब्रशने काढा. पट्टीची खाच आणि सॉकेटचा उंचवटा जुळवून दोन्ही टोकांना समान दाब द्या, "कट" असा आवाज यायला हवा. इथे लोक कचरतात. रॅम बसवायला अपेक्षेपेक्षा जास्त जोर लागतो, आणि एक टोक अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी मशीन उठत नाही. खाच मात्र जुळलेली हवी. ती जुळत नसताना दाबलं तर सॉकेट तुटतं.

दोन पट्ट्या असतील तर आता एकच लावा. चार सॉकेट असलेल्या बोर्डावर एकटी पट्टी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या सॉकेटमध्ये लावायची असते. चालू झालं तर ती काढून त्याच सॉकेटमध्ये दुसरी लावून बघा. म्हणजे पट्टी खराब की सॉकेट, याचा निवाडा होतो. मशीन नवं असेल आणि रॅम डीडीआर५ असेल, तर पट्टी बदलल्यानंतर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. चहूकडे दिवे, पंखे चालू असतील तर दहा मिनिटं त्याला हात लावू नका. घाईने बंद करून पुन्हा चालू केलं की ते जुळवणं पहिल्यापासून सुरू होतं.

रॅमने सुटलं नाही, तर मशीन कमीत कमी भागांवर आणायचं: मदरबोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा कूलर, रॅमची एक पट्टी, मॉनिटर. डिस्क, वायफाय कार्ड, सगळी यूएसबी उपकरणं सोडवा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर ग्राफिक्स कार्डही काढा आणि केबल मदरबोर्डाच्या पोर्टला लावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी "एफ" असतं, त्यात ग्राफिक्स नसतं. तिथे कार्ड ठेवावंच लागेल, मग ते काढून, दात पुसून पुन्हा बसवा आणि त्याला एसएमपीएसकडून येणारी सहा किंवा आठ पिनांची केबल घट्ट आहे का बघा. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर तर आवर्जून बघा. तो सुटलेला असला तर पंखे छान फिरतात, दिवे लागतात आणि प्रोसेसरला मात्र वीजच मिळत नाही. साफसफाई केल्यानंतर बंद पडलेल्या मशीनमध्ये मी तिथेच आधी हात घालते.

यानंतर बायोसच्या सेटिंग्ज पुसायच्या. प्लग काढून मदरबोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, काढा, पाच मिनिटं थांबा, पॉवर बटण एकदा दाबून सोडा, बॅटरी परत लावा. रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल आणि तिला तो झेपत नसेल, तर इथे मशीन उठतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असेल तर यानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. तिच्याबद्दल पुढे सांगते.

याच वेळी टॉर्च लावून मदरबोर्डाकडे नीट बघा. उभ्या दंडगोल कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. ते फुगलेलं असेल किंवा त्यातून तपकिरी काही झिरपलं असेल तर बोर्डाची दुरुस्ती करावी लागेल. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बोर्डांमध्ये सदोष कपॅसिटरमुळे हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं, आणि तेव्हाची मशीन्स अजूनही काही घरांत आहेत. मशीन चालू होऊन काही सेकंदांत किंवा मिनिटांत बंद होत असेल तर कूलर हलवून बघा. एका कोपऱ्याचा खटका सुटून कूलर प्रोसेसरवरून उचलला गेला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. तसं असेल तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून नवी लावा, मधोमध वाटाण्याएवढी पुरते.

अक्षरं येतात, पण डिस्क सापडत नाही

"बूट डिव्हाइस मिळालं नाही" किंवा "ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला तर सगळ्यात आधी लावलेले पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढा. मशीन कधी कधी त्यांच्यावरच विंडोज शोधत बसतं.

मग चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा आणि बायोसमध्ये जा. तिथे डिस्कचं नाव दिसतं का? दिसत असेल तर बूटच्या क्रमात, म्हणजे मशीन कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हावं त्या यादीत, ती वर आणा. नवीन विंडोज असलेल्या डिस्कसाठी तिथे "विंडोज बूट मॅनेजर" असं नाव असतं, ते पहिलं हवं. बायोसमधलं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसलं तर ती छोटी बॅटरी संपली आहे. ती संपली की वीज गेल्यावर सेटिंग्ज मूळ पदावर जातात, त्यात डिस्क वाचण्याची पद्धतही बदलते आणि धडधाकट विंडोज सापडेनासं होतं. अशा वेळी फॉरमॅट केलेलं पाहिलं की मला फार हळहळ वाटते, कारण फक्त बॅटरी बदलून यूईएफआय किंवा लेगसी (सुरू होण्याची पद्धत), आणि एएचसीआय किंवा रेड (डिस्क वाचण्याची पद्धत), या दोन सेटिंग्ज पूर्वीसारख्या करायच्या असतात.

डिस्कचं नावच दिसत नसेल तर तिची साटा केबल (डिस्क मदरबोर्डाला जोडणारी) दोन्ही टोकांना काढून लावा, दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, केबल बदलून बघा. एम.२ प्रकारची, म्हणजे मदरबोर्डावरच बसणारी चपटी पट्टी, असेल तर तिचा बारीक स्क्रू काढून ती पुन्हा बसवा.

आता ज्याच्यासाठी मी हात जोडून सांगते ते. हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टक टक असा आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. पुन्हा चालू करून बघू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवू नका. आत वाचणारं डोकं बिघडलेलं असतं आणि प्रत्येक फेरीला तबकडीवर ओरखडे वाढत जातात. त्यावरचा डेटा महत्त्वाचा असेल तर ती डिस्क डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडेच द्यायची. पहिल्या टकटकीला थांबलेल्या डिस्कवरचं बरंच काही परत मिळण्याची आशा असते, दोन दिवस खटपट केलेल्या डिस्कवरचं फार कमी.

विंडोजचं चिन्ह येतं आणि तिथेच अडतं

इथवर आलात म्हणजे यंत्र जवळपास ठणठणीत आहे. अपडेटचे टक्के दिसत असतील तर थांबा, जुन्या हार्ड डिस्कवर तासभरही लागतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

खरंच अडलं असेल तर चिन्ह दिसू लागताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा झालं की विंडोज १० आणि ११ पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा स्वतःहून उघडतात. जुनी एफ८ची युक्ती (चालू करताना एफ८ दाबून दुरुस्तीचे पर्याय उघडण्याची) विंडोज ८पासून मुळात बंदच ठेवलेली आहे. निळा पडदा आलाच नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह बनवा. किमान ८ जीबीचा आणि रिकामा हवा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. त्यावरून मशीन सुरू करून "रिपेअर" निवडा, "इन्स्टॉल" नाही.

आत गेल्यावर आधी स्टार्टअप रिपेअर. ते फसलं आणि बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. मग सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधीच्या तारखेच्या स्थितीत नेणं, त्याने तुमच्या फाइल्सना धक्का लागत नाही. मग सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) घेऊन उठतं, म्हणून तिथे चालू होत असेल तर दोषी नुकताच आलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्राम असतो, तो काढा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली होती. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाखांचा होता. तेव्हाही मुख्य उपाय हाच होता: सेफ मोडमध्ये जायचं आणि ती एक फाइल पुसायची. एवढ्या मोठ्या गोंधळातही फॉरमॅटची गरज नव्हती.

दुरुस्तीच्या वाटेवर विंडोज बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. आपण कधी असं काही लावलंच नव्हतं असं पुष्कळांना वाटतं, पण नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप सुरू झालेलं असू शकतं. मोबाइलवरून त्याच खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसेसच्या भागात की जपून ठेवलेली असते. ती न मिळवता विंडोज पुन्हा टाकलं तर जुना डेटा कायमचा गेला.

"रीसेट धिस पीसी" (विंडोज मूळ स्थितीत आणणं) किंवा नवं विंडोज यांच्याकडे वळण्याआधी फाइल्स बाहेर काढा. यासाठी मी उबुंटू लिनक्सचा पेन ड्राइव्ह वापरते. त्यावरून मशीन सुरू करायचं, "ट्राय उबुंटू" निवडायचं, आतल्या डिस्कवर काहीही इन्स्टॉल करायचं नाही. युजर्स नावाच्या फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असतं, ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं. एका विद्यार्थिनीचा प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री तिचं विंडोज उठेना. असाच पेन ड्राइव्ह लावून प्रबंधाची फाइल काढली, ती तिने दुसऱ्या मशीनवर उघडून तपासली आणि मगच आम्ही विंडोजला हात लावला. हा क्रम कधीही उलटा करू नका. रीसेटमध्ये "माझ्या फाइल्स ठेवा" हा पर्याय आहे, पण प्रोग्राम्स जातात आणि डिस्क मुळातच खराब असेल तर तो अर्ध्यात फसू शकतो.

लॅपटॉप असेल तर

वरचं बहुतेक लागू पडतं. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. पडदा काळा असेल तर अंधारात टॉर्च तिरका धरून बघा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. बाहेरचा मॉनिटर लावून काम करता येतं आणि डेटा सुरक्षित असतो. टचपॅड वर आला असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जर लावू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, ती बदलूनच घ्या.

पाणी किंवा चहा सांडला असेल, जळका वास येत असेल, बायोस अपडेट अर्ध्यात तुटलं असेल, तर घरी पुढे जाऊ नका. दुरुस्तीला देताना तो सुरुवातीचा कागद सोबत द्या: कुठे अडतं, काय काय करून बघितलं, कशाने काय फरक पडला. कागदावर मोठ्या अक्षरांत "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" असं लिहा आणि ते तोंडीही सांगा. चांगला दुरुस्तीवाला याने दुखावत नाही, त्याचे दोन तास वाचतात.

मशीन चालू झालं की पहिलं काम फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्याचं, इतर सगळं नंतर. मग शट डाउन करा, प्लग काढून रात्रभर राहू द्या आणि सकाळी थंड मशीन चालू करून बघा. सैल रॅम आणि दमलेला एसएमपीएस यांचे दोष गरम असताना लपतात आणि थंड असताना उघडे पडतात. प्लग काढूनही एक गोष्ट तशीच राहते: विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन पूर्ण होत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि त्यातून पुढे मशीन उठतं. म्हणून एकदा रीस्टार्टही करून बघा, तेव्हा सगळं नव्याने सुरू होतं. दोन्ही प्रकारे नीट उठलं, तर कॅबिनेटचं झाकण लावायला हरकत नाही.